नाताळचा आनंद २६ डिसेंबरलाही टिकतो का?

शब्बाथशाळा | ९ डिसेंबर, रात्री ९:१०

सलाम मंडळी,

डिसेंबर लागला की आपल्या सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांत एकच धांदल उडते. रंगकाम, चांदण्या, करंज्या-चकल्या, नवी पेठेतली कपड्यांची खरेदी, रात्री घरोघरी गाणी म्हणत फिरणं. मला हे सगळं फार आवडतं. कुणी त्याला नुसता देखावा म्हटलं तर मला पटत नाही. वर्षभर मागावर उभं राहणाऱ्या, विड्या वळणाऱ्या माणसांनी चार दिवस दारात दिवे लावले तर देवाला त्याचा आनंदच होणार.

पण चर्चमध्ये मी मोठ्या मुलांचा वर्ग घेते, आणि नाताळ सरला की मुलं म्हणतात, "टीचर, आता लई भकास वाटालंय." मोठी माणसं बोलून दाखवत नाहीत, पण चांदणी उतरवून माळ्यावर टाकताना त्यांच्याही मनात तेच असतं. म्हणून विचारते: देवदूतानं ज्या "मोठ्या आनंदा"ची बातमी दिली, तो आठवडाभरात ओसरणारा होता का?

माझं उत्तर आधी सांगते, मग तुम्ही बोला.

ती बातमी दिली तेव्हा सण नव्हताच. २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म पाळल्याची सर्वांत जुनी नोंद रोमची, इ.स. ३३६ ची. बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे ती नुसती रात्र आणि मेंढरं राखणारी माणसं. सांगोला, माळशिरसकडे रानात मेंढरं बसवलेली तुम्ही पाहिली असतील. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावलेलं, कडेला कुत्रं, घोंगडीत गुरफटून जागा असलेला एक माणूस. लांडग्याची भीती, शेतमालकाची बोलणी, पहाटेचं दव. अशाच माणसांना पहिल्यांदा सांगितलं गेलं की तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे.

ते धावत गेले, बाळ पाहिलं, आणि विसाव्या वचनात लूक लिहितो की ते देवाचा गौरव करत परत गेले. परत कुठं? त्याच रानात. रोमच्या कैसराची नावनोंदणी तशीच चालू, कर तोच, मेंढरं तीच. कुणाची परिस्थिती तसूभर बदलली नव्हती, तरी ते गात गेले. मला तर त्या अध्यायातलं हेच वचन सगळ्यांत मोलाचं वाटतं, आणि नाताळच्या नाटकात आपण नेमकं तेच गाळतो. मेंढपाळ गव्हाणीपाशी गुडघे टेकतात आणि पडदा पडतो. घरी जाणारे मेंढपाळ आमच्या मुलांनी कधी पाहिलेच नाहीत.

आनंद टिकला, कारण मिळालेलं काढून घेतलं जाणारं नव्हतं. मत्तयनं शुभवर्तमान सुरू करतानाच बाळाला इम्मानुएल म्हटलंय, आम्हांबरोबर देव. आणि शेवटच्या वचनात तोच येशू म्हणतो की युगाच्या समाप्तीपर्यंत मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे. त्या सर्व दिवसांत २६ डिसेंबर आला, शाळेची फी भरायचा जून आला, दवाखान्याचा दिवसही आला.

तुमच्या घरात हे कसं टिकतं? मोकळेपणानं लिहा.

---

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | ९ डिसेंबर, रात्री ११:३५

टीचर, सलाम. आत्ताच दुसरी पाळी करून आलो.

मी टेरी टॉवेलच्या कारखान्यात आहे. आम्ही घरात तेलुगू बोलतो, उपासनेला मात्र मराठी-तेलुगू दोन्ही गाणी. तुमचं लिहिलेलं पटलं, पण एक गोष्ट बोलायलाच पाहिजे. आमच्या गल्लीत नाताळ म्हणजे खर्च. बचत गटातनं उचल काढून पोरांना कपडे घेतेत, आणि मग मार्चपर्यंत हप्ते फेडत बसतेत. आनंद सहा दिवस, हप्ता तीन महिने. पोरगं शेजारच्या पोराचं बूट बघतंय, बापाचं तोंड उतरतंय. यावर चर्चमध्ये कुणी बोलत नाही.

आता टिकणाऱ्या आनंदाचं. माझी आई विड्या वळते. ब्रँचमधनं पत्ता-तंबाखू आणायचा, पानं भिजवायची, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड मुडपून दोरा गुंडाळायचा. पाठ वाकून गेली तिची. पण दोरा गुंडाळताना ती गुणगुणत असते. ख्रिस्तजन्माचीच गाणी, भर मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, बाहेर चव्वेचाळीस डिग्री असताना. लहानपणी मी तिला म्हणायचो, आई, आता कुठला ख्रिसमस? ती म्हणायची, "तो आलाय ना? मग परत गेलाय का?" एवढंच बोलायची आणि पुढची विडी घ्यायची.

मला शास्त्र जास्त येत नाही. पण टिकणारा आनंद कसा असतो विचारलं तर मी आईकडं बोट दाखवतो.

---

रिकामी_खुर्ची | १० डिसेंबर, सकाळी ६:५०

मी एरवी इथे नुसती वाचते. आज लिहिते आहे कारण राहवत नाही.

माझे यजमान ऑगस्टमध्ये गेले. लग्नानंतरचा हा त्यांच्याशिवायचा पहिला नाताळ. घरात चांदणी तेच लावायचे. वायर जोडायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. आता चर्चमध्ये "आनंद करा" ऐकलं की उठून बाहेर जावंसं वाटतं. भेटायला येणारे सांगतात, ताई, प्रभूमध्ये आनंद करायचा असतो, रडायचं नसतं. त्यांचा हेतू चांगला आहे हे कळतं, पण ते गेल्यावर मी जास्त एकटी पडते.

शब्बाथशाळाताई, तुमच्या मेंढपाळांच्या घरात त्या वर्षी कुणी गेलं नव्हतं. टिकणारा आनंद म्हणजे दुःख झाकून ठेवणं असेल तर मला तो जमणार नाही, आणि खरं सांगायचं तर नकोही आहे.

---

शब्बाथशाळा | १० डिसेंबर, सकाळी ८:०५

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. शाळेला निघायची वेळ झाली आहे, पण याला संध्याकाळपर्यंत थांबवत नाही.

रडायचं नाही असं सांगणारं शास्त्र मला तरी कुठं सापडलं नाही. नाताळच्याच कथेत, मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात, बेथलेहेमच्या आया आपल्या लेकरांसाठी आक्रोश करतात. हेरोद राजानं ती मारली. मत्तयनं तिथं राहेलचा विलाप आणला आहे, आणि ती सांत्वन घ्यायला तयार नव्हती असं स्पष्ट लिहिलं आहे. त्यानं तिला गप्प केलं नाही. देवालयात शिमोन बाळाला हातात घेतो, देवाला धन्यवाद देतो, आणि त्याच दमात मरीयेला सांगतो की तुझ्या जिवातून तरवार भोसकून जाईल. बाळ चाळीस-एक दिवसांचं, आणि आईला हे ऐकावं लागतं. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, आणि पुढच्या घडीला त्याला उठवायचं आहे हे ठाऊक असताना रडला.

म्हणजे आपल्या देवाच्या घरात आनंद आणि रडणं एकाच बाकावर बसतात. मला आनंदाचा जो अर्थ कळतो तो असा: तुमच्या रडण्याच्या जागी तो आला आहे आणि तिथून हलणार नाही. आज तुम्हाला त्यात काही गोड वाटलं नाही तरी तो जात नाही.

यंदा तुम्ही गाऊ नका. मंडळी, म्हणजे चर्चमधले आपण सगळे, तुमच्या वाटचं गाईल. मंडळी असते ती त्यासाठीच.

---

खडीवरचा_नाताळ | १० डिसेंबर, दुपारी १:२०

मी करमाळा तालुक्यातला, आता मुलाकडे जुळे सोलापूरला असतो. वय झालं आहे, नातू टाइप करून देतो.

ताईंचं वाचलं. माझ्यापाशी सांत्वनाचे शब्द नाहीत. एक आठवण आहे.

१९७२ चा दुष्काळ. विहिरी कोरड्या, गुरं छावणीला नाहीतर बाजारात. अख्खं गाव दुष्काळी कामावर. मी पोरसवदा होतो, आईबरोबर खडी फोडायला जायचो. लोखंडी कडीत दगड धरायचा आणि हातोडा घालायचा, कपची उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून मान फिरवायची. खायला सुकडी आणि रेशनची लाल मिलो. मिलोची भाकरी थापताना तुटायची, आई ती तव्यावरच सांधायची.

त्या वर्षी नाताळला करंजी नाही, नवा कपडा नाही. आमच्या छोट्या मंडळीत वडील माणसानं बायबलातलं हबक्कूकचं पुस्तक वाचलं. तिसऱ्या अध्यायाचा शेवट. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतात अन्न उपजत नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. एकेक ओळ वाचत गेले तसं आम्ही सगळे मान हलवत होतो. ती आमच्याच गावाची यादी होती. आणि "तरी" आला तेव्हा माझी आई मोठ्यानं हुंदका देऊन रडली. मग गाणं झालं, ती रडत रडत गायली. नंतर सगळ्यांनी सुकडी वाटून खाल्ली.

पुढं चांगले दिवस आले. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, मुलं शिकली. तरी मला नाताळ म्हटलं की तोच आठवतो. त्या दिवशी आमच्याकडे आनंद करण्यासारखं हातात काही नव्हतं, म्हणून तो कुठून आला हे मला स्वच्छ दिसलं.

ताई, आई त्या दिवशी रडतच गायली. मला एवढंच सांगायचं होतं.

---

बाळीवेसकर | १० डिसेंबर, रात्री ८:४५

नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतोय. चालत नसेल तर सांगा.

आमच्या आळीत एक ख्रिस्ती मावशी राहतात. नाताळला त्यांच्याकडून फराळ येतो, संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी आमच्याकडून त्यांच्याकडे शेंगापोळी जाते, असं कितीतरी वर्षं चाललंय. त्यांना आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावं लागतं. परत आल्या की ओट्यावर टेकतात, हाताला पट्टी असते, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पोरांची चौकशी करतात. त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान असतं, ते मला धडधाकट माणसांत दिसत नाही. त्यांना विचारायचा संकोच वाटतो, म्हणून इथे विचारतो.

दुष्काळ तसाच, आजार तसाच, गेलेलं माणूस गेलेलंच. मग तुमच्या श्रद्धेप्रमाणे देव येऊन नेमकं बदललं काय? खोचक प्रश्न नाही. समजून घ्यायचं आहे.

---

जुने_पाळक | १० डिसेंबर, रात्री १०:३०

भाऊ, चालेल काय, प्रश्न योग्यच विचारलात. निवृत्त आहे, वेळ आहे, जरा सविस्तर लिहितो.

आमची श्रद्धा अशी की माणसाचं सगळ्यांत खोल दुखणं म्हणजे देवाशी तुटलेलं नातं. बाकीची दुखणी खरी आहेतच, पण मुळाशी हे आहे. गव्हाणीतलं बाळ ते नातं जोडायला आलं. पुढं ते वधस्तंभावर गेलं, आमची पापं त्यानं आपल्यावर घेतली, आणि तिसऱ्या दिवशी ते उठलं. नाताळ एकटा वाचला तर गोष्ट निम्मीच राहते, आणि निम्म्या गोष्टीवर उभा केलेला आनंद निम्माच टिकतो. मंडळीतही आम्ही पुष्कळदा बाळाशीच थांबतो. मग २६ तारखेला हात रिकामे वाटतात यात नवल नाही.

अटकेच्या रात्री येशूनं शिष्यांना सांगितलं की तुम्हाला आता दुःख आहे, पण मी तुम्हाला पुन्हा भेटेन, आणि तुमचा आनंद तुमच्यापासून कोणी काढून घेणार नाही. योहानाच्या सोळाव्या अध्यायात आहे. आधी दुःख कबूल केलं, मग आनंदाचं वचन दिलं. प्रेषित पौलानं "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" हे फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं तेव्हा तो बंदिवासात होता. पुढे काय होणार, सुटका की मरण, हेही त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्याच अध्यायात तो तसं लिहितो. बदललं ते हे की मरणाचा शब्द आता शेवटचा राहिला नाही. तुमच्या मावशींच्या चेहऱ्यावर तुम्ही जे पाहता ते तिथून येत असावं. त्यांना विचारा. त्यांना बरं वाटेल.

आणखी एक सांगतो, कारण आपल्या मराठी मातीतलं आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नातलग तुटले, जात गेली, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं दूर राहिल्या. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. एवढं गमावलेल्या माणसानं अभंग आणि ओव्यांमधून ख्रिस्ताची भक्ती गायली, आणि आज सोलापूरच्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर आपण गातो त्यातली कितीतरी भजनं टिळकांची आहेत. ती सुखवस्तू माणसाची गाणी नव्हेत. किंमत मोजलेल्याची आहेत. म्हणून सव्वाशे वर्षांनीही त्यांचा रंग उडालेला नाही.

---

नाईट_ड्यूटी | ११ डिसेंबर, पहाटे ४:१५

वॉर्ड शांत आहे म्हणून लिहिते. मी कॅथलिक आहे, नर्स आहे, नाताळच्या रात्रीची मिस्सा, म्हणजे आमची उपासना, बऱ्याचदा चुकते.

येता रविवार हा आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, तिसरा रविवार. आमच्याकडे त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी मेणबत्ती लावतात, आनंदाची. त्या रविवाराचं लॅटिन नाव गौदेते, म्हणजे आनंद करा, पाळकसाहेबांनी लिहिलेल्या त्याच फिलिप्पैकरांच्या पत्रावरून आलेलं. तो उपासाचा, वाट पाहण्याचा काळ आहे आणि त्याच्या मधोमध हा रविवार येतो. वाट पाहणं संपायच्या आत आनंद करायला सांगतात हे मला फार जवळचं वाटतं, कारण वॉर्डात सगळेच कशाची ना कशाची वाट पाहत असतात.

दुसरं म्हणजे आमचा नाताळ २५ ला संपत नाही, तिथून सुरू होतो. प्रकटीकरणाच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत, बारा दिवस. आमच्या घरी या बारा दिवसांत रोज जेवणं झाल्यावर शुभवर्तमानाचा थोडा भाग वाचतो आणि एका घरी जाऊन येतो. जिथं कुणी जात नाही अशा घरी. फराळाची पुडी न्यायची, बसायचं, त्यांचं ऐकायचं. प्रार्थना त्यांनी म्हटलं तरच. २०२० मध्ये रात्रीची संचारबंदी लागली तेव्हा हेच फोनवर केलं होतं, आणि त्या वर्षी फोनवर लोक जास्त बोलले.

माझा अनुभव असा की आनंद घरात कोंडून ठेवला की विटतो. दुसऱ्याच्या दारात नेला की आपल्याकडेही उरतो. ते मेंढपाळही जे पाहिलं ते सगळ्यांना सांगत सुटले होते, ते लूकच्या त्याच अध्यायात सतराव्या वचनात आहे.

रिकामी_खुर्ची ताई, कधी बोलावंसं वाटलं तर इथेच लिहा. मी रात्री जागीच असते.

---

शब्बाथशाळा | ११ डिसेंबर, सायंकाळी ७:३०

सगळ्यांचं वाचून काढलं. काकांचं खडीवरचं वाचताना शाळेच्या स्टाफरूममध्ये डोळे पुसावे लागले.

टॉवेलवाला दादा, तुमच्या मुद्द्याकडे कुणी वळलं नाही, म्हणून आधी तोच घेते. कर्ज काढून नाताळ करायला लागू नये ही मंडळीची जबाबदारी आहे असं माझं ठाम मत आहे. आज महिला मंडळात विषय काढला. फराळ सगळ्यांनी एकत्र बसून करायचा, सामान वर्गणीतून, आणि जिला वर्गणी जमत नसेल तिनं हात लावायला यायचं. वाटा सगळ्यांना सारखा. कुणी काय दिलं याची वही ठेवायची नाही. मुलांच्या कपड्यांचं मात्र अवघड आहे. एक सूचना अशी आली की नाताळच्या उपासनेला मुलांनी शाळेच्या गणवेशात यावं. यावर दोन तट पडले आहेत. माझं मन गणवेशाच्या बाजूनं आहे, पण वर्षातून एकदाच मिळणाऱ्या नव्या फ्रॉकसाठी हटून बसणाऱ्या मुलीची बाजूही मला समजते.

आणि नाटकात यंदा शेवटचा प्रवेश वाढवला आहे, मेंढपाळ परत रानात जातात तो. मुलं विचारत होती की त्यात करायचं काय असतं. म्हटलं, मेंढरं मोजायची आणि गायचं.

नाईट ड्यूटी सिस्टरांची बारा दिवसांची पद्धत आम्ही उचलतोय. २६ च्या संध्याकाळपासून सुरू. पहिल्या दिवशी रेल्वे लाईन्सकडची दोन-तीन घरं आहेत, एकटी राहणारी वयस्कर माणसं. कोण येतंय?

---

रिकामी_खुर्ची | ११ डिसेंबर, रात्री ९:५५

रविवारी उपासनेला येईन. मागे बसेन. गाणार नाही, पण उठून जाणार नाही.

काकांच्या आईंबद्दल दोनदा वाचलं.

२६ ला कुणी माझ्याकडे यायचं ठरवत असाल तर येऊ नका. मला तुमच्याबरोबर न्या. घरी बसून कुणाची वाट पाहण्यापेक्षा ते बरं. चकल्या मी करते, यजमानांना माझ्याच हातच्या लागायच्या, आणि भाजणी सप्टेंबरपासून डब्यात पडून आहे. वास आलेला नाही ना ते उद्या बघते, नाहीतर नवी दळून आणते.

---

बाळीवेसकर | ११ डिसेंबर, रात्री १०:२०

मावशींना आज विचारलं. तासभर बोलल्या. सगळं इथं लिहिण्यासारखं नाही, पण जाताना म्हणाल्या की रविवारी रिक्षानं चर्चला सोडशील का, पायऱ्या चढायला कुणीतरी लागतं. मी आत येऊन बसलो तर चालेल ना? उपासना किती वाजता?

---

शब्बाथशाळा | ११ डिसेंबर, रात्री १०:३२

साडेआठ वाजता. आत या, आनंदच आहे. मावशींसाठी बाजूच्या दारानं या, तिकडे पायऱ्या कमी आहेत.

---

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | ११ डिसेंबर, रात्री ११:५०

गणवेशाला माझं मत द्या.

२६ ला मला पहिली पाळी आहे, चारला सुटतो. साडेपाचपर्यंत रंगभवनापाशी येतो, आईला पण घेऊन. ती म्हणालीये की तेलुगू बोलणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई तिकडं राहतेत, त्यांचं नाव पण यादीत घाला. त्यांच्याशी तीच बोलेल.